पातळ हात

नवरात्र सरत आलं की कोल्हापूरची हवा बदलते, सकाळी रंकाळ्यावर चक्कर मारून आलं की ओठ जरा कोरडे वाटायला लागतात, आणि मग मी घरी येऊन पहिलं काम काय करतो तर चपडा, म्हणजे लाकडाच्या पॉलिशची लाख, भिजत घालतो. काचेची बरणी, तिच्यात १०० मिली स्पिरिट आणि २४ ग्रॅम चपडा. मोजायला सोनाराचा छोटा काटा घेतलाय, गुजरीतल्या एका मित्राने वापरून बाजूला ठेवलेला. चपड्याचे ते पातळ पापुद्रे उजेडात धरले की चिक्कीच्या पाकाची काच केल्यासारखे दिसतात आणि दरवेळी मी एक तरी पापुद्रा असा धरून बघतोच. मग बरणी दर अर्ध्या तासाने हलवायची, नाहीतर सगळा चपडा तळाला बसून त्याचा एकच गोळा होतो आणि तो विरघळायला दोन दिवस घेतो. रात्रभर ठेवायचं, सकाळी जुन्या मलमलच्या कापडातून गाळायचं, बरणीवर तारीख टाकायची. तारीख फार महत्त्वाची. चपडा एकदा स्पिरिटमध्ये गेला की तो हळूहळू बदलत जातो, सहा महिन्यांनी तेच पॉलिश लावलं तर वाळल्यासारखं दिसतं पण नखाने दाबलं की ठसा उठतो. शंका आली तर मी काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी बोट लावून बघतो, चिकट लागला तर अख्खी बरणी बाजूला, ते पॉलिश गिटारला लागणार नाही म्हणजे नाही.

मी गिटार बनवतो. वर्षाला दोन, फार तर तीन. पण चपड्याशी माझी ओळख गिटारमुळे झालेली नाही, ती त्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती जुनी ओळखच मला नंतर आडवी आली. त्याचंच सगळं लिहायचंय.

आमचं उद्यमनगरात पॅटर्न शॉप. वडिलांनी सुरू केलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत साचा करावा लागतो आणि त्या साच्यासाठी आधी लाकडात हुबेहूब तो पार्ट बनवावा लागतो, तो पॅटर्न. हुबेहूब म्हणजे तरी थोडा मोठाच, कारण लोखंड थंड होताना आकसतं, मीटरला साधारण १० मिलिमीटर, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीसुद्धा वेगळी असते. सागवानाचे पंपाचे केसिंग, पुली, गिअरबॉक्सची घरं, असलं सगळं बघत मी मोठा झालो. आणि प्रत्येक पॅटर्नला शेवटी चपडा. ब्रशने, दाट, दोन-तीन हात, मध्ये काचपेपर. कारण फौंड्रीची वाळू ओली असते, लाकडाने पाणी प्यायलं तर ते फुगणार आणि माप गेलं, शिवाय वाळूतून पॅटर्न वर काढताना तो सुळकन सुटला पाहिजे. तिथं चपडा म्हणजे चिलखत. जितका जाड तितका पॅटर्न जास्त दिवस टिकणार. दहावीच्या सुट्टीत मी दिवसाला वीस-वीस पॅटर्नला चपडा मारलाय, हाताला तो वास रात्री जेवताना पण यायचा आणि आई म्हणायची आधी साबणाने हात धू.

नंतर ॲल्युमिनियमचे आणि रेझिनचे पॅटर्न आले, संगणकावर चालणारी सीएनसी मशीनं आली, लाकडाचं काम कमी कमी होत गेलं. हातात कसब होतं, रंधे-पटाशा होत्या आणि वेळ होता. कॉलेजात असताना गिटार वाजवायचो, तर म्हटलं करून बघू. २०१८ साली पहिली गिटार पुरी झाली. जोड इतके घट्ट बसलेले की वडिलांनी बॅक आणि साइडच्या जोडावरून नख फिरवलं आणि नुसती मान हलवली, त्यांच्याकडून ही मोठी पावती. मग मी तिला चपडा लावला. ब्रशने. आठ हात. मला तेवढंच येत होतं.

दिसायला ती फार सुंदर होती, आरशासारखी. आणि वाजायची कशी, तर शेजारच्या खोलीत कुणीतरी वाजवतंय असं वाटायचं. तार छेडली की सूर उठायचा आणि लगेच बसायचा. मी तारा बदलल्या, तारा जिच्यावर टेकतात ती ब्रिजवरची पट्टी, सॅडल, बदलली, आतल्या पट्ट्यांवर शंका घेतली, लाकडावर घेतली. पॉलिशवर मात्र घेतली नाही. आठ हात मी इतके मन लावून दिले होते की चूक तिथं असेल असं डोक्यातच आलं नाही.

मग २०१९ चा ऑगस्ट. कोल्हापूरच्या माणसाला त्या ऑगस्टबद्दल काही सांगावं लागत नाही. आमच्या घरात तळमजल्यावर पाणी होतं, आजीचं शिसवी कपाट होतं तिथंच, उचलून वर न्यायला चार माणसं लागली असती आणि त्या रात्री चार माणसं कुठून आणायची. पाणी ओसरल्यावर बघितलं तर खालच्या भागाचं पॉलिश सुटून सोलून निघालेलं आणि वरचा भाग, जिथं पाणी पोचलं नव्हतं पण ओल पोचली होती, तो सगळा पांढराफटक, पीठ मळलेले हात कुणीतरी वर फिरवल्यासारखा. आई त्या कपाटाकडे बघून रडली. पूर आल्यावर रडली नव्हती ती.

कुणीतरी सांगितलं म्हणून एक पॉलिशवाले मामा आले. सत्तरीच्या आसपासचे, पांढरा शर्ट, बोटांच्या पेरांना कायमचा तपकिरी रंग बसलेला. त्या महिन्यात अर्धं कोल्हापूर त्यांना शोधत होतं. त्यांनी पिशवीतून कापडाचा एक बोळा काढला, त्यावर बाटलीतून थोडं स्पिरिट घेतलं, तळहातावर दोनदा आपटून बघितला, आणि कपाटाच्या दारावरून असा काही अलगद फिरवला की मला वाटलं हा माणूस लाकडाला हात लावतोय की नुसता वरून नेतोय. आणि ते पांढरं गेलं. माझ्या डोळ्यांसमोर, बोळा जिथून गेला तिथून शिसवीचा काळसर जांभळा रंग परत वर आला. आई दारात उभी होती, ती काही बोलली नाही, आत जाऊन चहा टाकला तिने.

हे का होतं ते मला नंतर कळलं. चपडा पाण्यात विरघळत नाही पण पाणी त्याच्यात शिरतं आणि तो दुधाळ होतो. आणि स्पिरिटमध्ये मात्र तो कधीही परत विरघळतो, शंभर वर्षांचा जुना असला तरी बहुतेक वेळा विरघळतो. नवीन हात दिला की तो खालच्या जुन्या थराला थोडा वितळवून त्याच्यातच मिसळतो, दोघांचा एकच थर होतो. पॉलियुरेथेनचं पॉलिश असं करत नाही, ते एकावर एक बसतं आणि ओरखडा पडला तर ओरखडाच राहतो. खालचा सोललेला भाग मात्र मामांनी खरवडून नव्याने केला, त्याला नऊ दिवस लागले.

त्या नऊ दिवसांत कधीतरी त्यांची नजर भिंतीवरच्या गिटारकडे गेली. "तू केलीस व्हय ही?" मी हो म्हटलं. त्यांनी ती खाली घेतली, आयुष्यात कधी गिटार हातात धरली नसावी कारण बाळ धरतात तशी आडवी धरली, आणि बोटाच्या पेराने टॉपवर, म्हणजे पुढच्या फळीवर, टिचकी मारली. मग परत मारली, कान जवळ नेऊन.

"काम चांगलं केलंयस. पण बाळा, ह्येला रेनकोट घातलायस की रं. आवाज आतच कोंडलाय."

मी काय बोलणार. दीड वर्ष मी जे शोधत होतो ते या माणसाने दोन टिचक्यांत सांगितलं.

नंतर विचार केला तर सगळं सरळ होतं. क्लासिकल गिटारचा टॉप दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा असतो, तेवढं पातळ लाकूड तारांच्या ताणाखाली थरथरतं आणि ती थरथर म्हणजेच आवाज. त्याच्यावर जो काही थर चढवाल त्याचं वजन त्या लाकडाला उचलावं लागतं, आणि वजनापेक्षा वाईट म्हणजे तो थर थरथर गिळतो. आंतोनियो दे तोर्रेस नावाचा स्पॅनिश कारागीर होता, १८१७ ते १८९२, आज आपण जी क्लासिकल गिटार ओळखतो तिचा आकार त्याच्यापासून पक्का झाला. त्याने १८६२ मध्ये एक गिटार अशी बांधली की बॅक आणि साइड चक्क पुठ्ठ्याच्या, फक्त टॉप चांगल्या स्प्रूस लाकडाचा. सगळा जीव टॉपमध्ये असतो हे दाखवायला. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप आली नाही, कारण माझ्या गिटारच्या त्या जीवावर मी पॅटर्नचं चिलखत चढवलं होतं.

मामांच्या मागे लागून मी शिकलो. ते आधी तयार नव्हते, म्हणाले तू इंजिनिअर लोकांत ऊठबस असलेला माणूस, हे काम वेळखाऊ आहे, तुला नाही जमायचं. मी सागवानाच्या फळीचा तुकडा घेऊन रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जायला लागलो, मग चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी बोळा माझ्या हातात दिला. कोरडा. आठवडाभर कोरडाच. नुसता फिरवायचा. फळीच्या बाहेरून, हवेतूनच फिरत यायचं, फळीवर टेकायचं आणि न थांबता दुसऱ्या बाजूने उचलून जायचं. घार खाली येते आणि पाण्याला शिवून वर जाते तसं. फळीवर थांबायचं नाही, कधीच नाही. "थांबलास की चिकटलास," एवढंच म्हणायचे.

बोळा कसा करायचा हे पण एक शिक्षणच आहे. आत जुन्या लोकरीच्या स्वेटरचा तुकडा किंवा कापूस, त्याला पॉलिश पाजायचं, आणि बाहेरून शंभर वेळा धुतलेल्या धोतराचं मऊ कापड, खालून एकही सुरकुती दिसता कामा नये. कापड पिळून वर मूठ धरली की खाली लिंबाएवढा गोल तयार होतो. स्पेनमधले कारागीर याला मुन्येका म्हणतात, त्याचा अर्थ बाहुली. मी हे मामांना सांगितलं तर त्यांना ते इतकं आवडलं की पुढं कितीतरी दिवस ते मला विचारायचे, आणली का बाहुली?

आता पातळ करण्याचं. खरं कसब इथं आहे असं माझं ठाम मत झालंय, हात फिरवणं त्याच्या नंतर.

परदेशी पुस्तकांत पाउंड कट नावाचा हिशोब असतो. एका अमेरिकन गॅलन स्पिरिटमध्ये एक पौंड चपडा म्हणजे एक पाउंड कट. आपल्या मापात लिटरला १२० ग्रॅम. दोन पाउंड कट म्हणजे २४० ग्रॅम, म्हणून माझ्या बरणीत १०० मिलीला २४. गिटार करणारे साधारण याच्याच आसपास सुरुवात करतात आणि तिथून खाली खाली जातात. मामांकडे काटा नाही, वजन नाही, काही नाही. ते बाटलीत करंगळी बुडवून अंगठा आणि बोट घासत बसायचे, दोन बोटं एकमेकांना किती वेळाने धरायला लागतात ते बघायचे. लवकर धरली की म्हणायचे, दाट झालंय, टाक अजून.

माझ्या डोक्यात पॅटर्न शॉपचं माप, मला ते बोटांचं गणित आकड्यात हवं होतं. मी त्यांच्या बाटलीतून १० मिली घेतलं, वजन केलेल्या काचेवर ओतलं, चार दिवस वाळू दिलं आणि परत वजन केलं. काचेवर दोन ग्रॅमला किंचित कमी चपडा राहिला होता. मग माझ्या दोन पाउंडाच्या बरणीतलं १० मिली तसंच वाळवलं, तर दोन ग्रॅम. म्हणजे पन्नास वर्षं कपाटं आणि देव्हारे करणाऱ्या माणसाच्या करंगळीत तोच आकडा होता जो समुद्रापलीकडच्या गिटारवाल्यांनी कागदावर लिहिलाय. आणि पॉलिशच्या शेवटच्या दिवशी ते वापरतात त्या बाटलीतलं १० मिली वाळवलं तर काटा ०.३ ग्रॅम दाखवत होता. काचेवर काही आहे की नाही ते तिरपं धरून बघावं लागलं.

मला इथं उलगडलं की चमक कुठून येते. मी समजत होतो चमक जाडीतून येते. दाट पॉलिश बोळ्याला ओढतं, मागे कडा सोडतं, वरून वाळतं आणि खाली महिनाभर मऊ राहतं, मग त्या कडा घासायच्या आणि घासल्यावर परत दाट लावायचं. पातळ केलेलं पॉलिश मात्र बोळा पुढं जाईपर्यंत वाळलेलं असतं, मागे धूर सरकावा तशी एक ओलसर सावली दिसते आणि विरून जाते. ती सावली दिसली की समजायचं बोळा बरोबर भरलाय. प्रत्येक फेरी खालच्या थराला थोडी हलवते आणि सपाट करते. म्हणून शेवटी शेवटी बोळ्यात जवळपास स्पिरिटच असतं, नवीन काही चढत नाही, जे चढलंय तेच बसतं. गोल फिरवायचं, मग मराठी चार काढल्यासारखं, मग शेवटी सरळ, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. बोळा ओढायला लागला तर खाली तेलाचा एक थेंब. मामा जवसाचं तेल घ्यायचे, मी ऑलिव्ह घेतो, पण तेल फक्त सरकायला असतं, ते पॉलिशचा भाग नाही, ते शेवटच्या स्पिरिटच्या हाताने वर ओढून काढावंच लागतं नाहीतर आठ-पंधरा दिवसांनी पृष्ठभाग धुरकट दिसतो.

माझ्या वहीत लिहिलंय, एका अख्ख्या गिटारला आता मला पन्नास ग्रॅमच्या आतच चपडा लागतो, आणि त्यातला बराचसा बोळ्यातच राहतो. पहिल्या गिटारला मी जवळजवळ पाव किलो घातला होता.

चुका केल्या. दुसऱ्या गिटारच्या वेळी टॉपवर हात फिरत असताना फोन वाजला, मी मान वळवली, एक क्षण, आणि बोळा थांबला. उचलला तर धोतराच्या कापडाची वीण टॉपवर छापलेली. घाबरून लगेच त्यावर पॉलिश चोळलं असतं तर खालपर्यंत फाटलं असतं. मामा म्हणाले दोन दिवस तिच्याकडे बघूसुद्धा नकोस. मग ६०० चा काचपेपर, तेलाचं बोट, आणि परत पहिल्यापासून. तेव्हापासून पॉलिशच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असतो.

त्याहून जास्त जिवाला लागलेली चूक शिसवीची. शिसवीच्या लाकडात रंग असतो आणि स्पिरिट लागलं की तो सुटतो, जांभळट तपकिरी. मी बॅकवरून काठापर्यंत ओला बोळा फिरवला आणि तो रंग कडेच्या मेपल लाकडाच्या पांढऱ्या पट्टीवरून, बाइंडिंगवरून, थेट टॉपच्या कडेवर. स्प्रूस म्हणजे ताज्या लोण्याच्या रंगाचं लाकूड, त्याच्यात तो डाग असा शिरला की खरवडून अर्धाच गेला. आता मी आधी बारीक ब्रशने फक्त पांढऱ्या भागांवर, एक पाउंड कटचे दोन हात देतो, ते वाळले की मगच शिसवीला हात. शिसवीची छिद्रं भरायला फर्निचरवाले लांबी भरतात, गिटारला मी प्युमिसची पूड वापरतो, ज्वालामुखीच्या दगडाची अगदी बारीक पूड, बोळ्याखाली ती लाकूड थोडं घासते आणि तीच भुकटी चपड्याबरोबर छिद्रात जाऊन बसते, लाकडाने लाकूड भरलं जातं. स्प्रूसवर मात्र पूड नाही, करडी झाक येते. आणि ब्रिज जिथं चिकटणार तेवढी जागा टेपने झाकून कोरी ठेवायची, डिंक चपड्याला धरत नाही, लाकडाला धरतो.

आणि स्पिरिट. एका वर्षी जुलैमध्ये एक गिटार द्यायची घाई होती, एका दुकानातून सुटं स्पिरिट आणलं, लावलं, आणि टॉप माझ्या समोर पांढरा पडत गेला, आजीच्या कपाटासारखा. बाटलीत पाणी मिसळलेलं होतं हे नंतर कळलं, पण चूक माझी पण होती, जुलैत कोल्हापुरात पॉलिश करायचंच नाही. स्पिरिट उडताना लाकूड गार करतं आणि हवेतली ओल त्याच्यावर येऊन बसते, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तशी. आता मी बंद डब्यातलं, पाणी नसलेलंच घेतो, महाग पडतं, आणि भिंतीवरचं आर्द्रतेचं मीटर ६५ टक्क्यांच्या वर असेल तर बरणी उघडत नाही. खिडकी मात्र कायम उघडी, कारण डिनेचर्ड स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असू शकतं, आणि त्या खोलीत उदबत्ती नाही, दिवा नाही, वापरलेले बोळे झाकणाच्या बरणीत.

एक गोष्ट मला फार जवळची वाटते. आपल्याकडचं स्पिरिट बरंचसं उसाच्या मळीतून येतं. म्हणजे साखर कारखान्याच्या मागच्या दारातून. आणि चपडा येतो पळसावरच्या, बोरीवरच्या, कुसुमच्या झाडावरच्या लाखेच्या किड्यापासून, इतके बारीक किडे की डोळ्याला नीट दिसत नाहीत, फांदीला सोंड लावून रस पितात आणि अंगातून राळ सोडतात, स्वतःवर घर बांधून घेतात. झारखंड, छत्तीसगड, आपल्याकडे गोंदिया-गडचिरोली. रांचीजवळ नामकुमला तर १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. फांदीवरची लाख खरवडायची, धुवायची, तो लाल रंग निघून जातो, मग दाणे कापडाच्या लांब पिशवीत भरून निखाऱ्यासमोर पिशवी पिळायची. आणि जुन्या पद्धतीत पुढचं काम असं की कारागीर तो गरम वितळलेला पत्रा दोन्ही हातांत, दोन्ही पायांत आणि दातांत धरून सगळ्या अंगाने ताणतो, पापडासारखा पातळ होईपर्यंत. मी त्याचे फोटो बघितलेत. माझ्या हातात यायच्या आधीच कुणीतरी तो सगळ्या अंगाने पातळ केलेला असतो, हे बरणी हलवताना माझ्या मनात असतं.

आपल्या घराघरात ही लाख आहे, फक्त दिसत नाही. कोल्हापुरी साजाच्या पोकळ मण्यांत आत लाखच भरलेली असते, सोन्याचा पत्रा इतका पातळ की आधाराशिवाय चेपेल. औषधाच्या काही गोळ्यांची चमक चपड्याची. आणि व्हिनाइल यायच्या आधीच्या त्या काळ्या गाण्याच्या तबकड्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, त्यांच्यात दगडाची भुकटी धरून ठेवणारा चपडाच. मामा सांगायचे, त्यांच्या उस्तादांनी एकदा फुटलेल्या तबकडीचे तुकडे स्पिरिटमध्ये टाकून बघितले तर चपडा सुटून वर आला आणि तळाला काळा गाळ राहिला. शाहू महाराजांच्या दरबारातल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई, त्यांचा आवाज अशाच तबकड्यांवर उतरला होता. सूर धरून ठेवायला एकेकाळी हीच लाख होती, आणि मी तीच लाख सूर अडू नये म्हणून पातळ करत बसतो.

मिरजेला पण दोनदा जाऊन आलो, पॅसेंजरने, सतारमेकर गल्लीत. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. भोपळ्याच्या गोल पाठीवर चपड्याचा हात कसा फिरतो ते बघायचं होतं मला. सपाट फळीवर शिकलेला माणूस गोलावर गडबडतो, माझी गिटारची नेक, म्हणजे दांडा, आणि तो जिथं गिटारच्या अंगाला जोडतो ती हील तिथं बघूनच सुधारली. तिथल्या एका कारागिराने माझी गिटार हातात घेतली, पॉलिशकडे बघितलंच नाही, सरळ कानाला लावून तार छेडली आणि ती विझेपर्यंत थांबला.

चपडा नाजूक आहे, हे मी गिटार नेणाऱ्याला आधीच सांगतो. घामाने मऊ होतो, स्पिरिटचा थेंब पडला तर डाग, गरम कप ठेवला तर गोल उमटतो, एप्रिलमध्ये उन्हातल्या गाडीत केसमध्ये ठेवली तर केसच्या अस्तराचा ठसा उठतो. राजारामपुरीतली एक मुलगी माझी चौथी गिटार वाजवते, रोज तीन तास, दोन वर्षांनी घेऊन आली तर जिथं उजवा हात टेकतो तिथलं पॉलिश उडून लाकूड दिसायला लागलेलं. रडवेली झाली होती, म्हणाली काका मी खराब केली. मी तिला समोर बसवून त्याच संध्याकाळी तेवढाच भाग केला, खालच्या जुन्याला नवा धरला, जोड कुठं आहे ते आता मलाही सापडत नाही. वाजवून वाजवून झिजलेली गिटार परत आली की मला तर बरं वाटतं.

मामांना आता नीट दिसत नाही. ते आले तर दारापाशी खुर्चीत बसतात आणि मी बोळा फिरवत असतो. बोळा फिरण्याचा एक आवाज असतो, अगदी बारीक, रेशीम सरकल्यासारखा, आणि पॉलिश दाट व्हायला लागलं की तो जरा खरखरतो. माझ्या हाताला कळायच्या आधी त्यांना कळतं.

"टाक की रं थोडं."

मी टाकतो.

पहिली गिटार इतकी वर्षं भिंतीवरच होती. आठ हातांची. ती उतरवायचा धीर होत नव्हता, वडिलांनी जोडावरून नख फिरवलेली ती गिटार, आणि वडील आता नाहीत. या वर्षी दसऱ्याला हत्यारांची पूजा झाल्यावर मी ती खाली घेतली. तारा काढल्या, टेबलावर जाड घोंगडं अंथरलं, आणि स्पिरिटने भिजवलेल्या कापडाने हळूहळू पुसायला लागलो. तीन संध्याकाळी गेल्या. पहिल्या दिवशी कापड नुसतं गुळाच्या काकवीसारखं होत होतं आणि खाली काहीच दिसत नव्हतं. ब्रशच्या रेषा आधी गेल्या, मग कडेला साचलेले ओघळ, मग त्या थराखाली अडकलेला ब्रशचा एक केस सापडला, २०१८ चा. तिसऱ्या दिवशी स्प्रूस उघडं पडलं. काठाजवळ ते थोडं पिवळं झालंय, मध्ये अजून लोण्यासारखं आहे.

मामांना बोलावून घेतलं होतं. त्यांनी हात पुढं केला तशी मी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली, आडवीच. त्यांनी पेराने टिचकी मारली. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग परत मारली, आणि मला म्हणाले, "तू मार." मी मारली.

कापडं पिळून जे निघालं ते एका बरणीत भरून ठेवलंय, गडद, गढूळ, गिटारला चालणार नाही. शॉपमध्ये वडिलांनी केलेला पंपाच्या केसिंगचा एक जुना सागवानी पॅटर्न आहे, आता त्याच्यावरून कुणी साचा काढत नाही, पण त्याचा चपडा पोपडे धरून उडालाय. त्याला लावीन. ब्रशने, दाट.

आणि टॉपसाठी नवीन बरणी भिजत घातलीये. १०० मिलीला १२ ग्रॅम. मीटर आज ५८ दाखवतंय.